काचेआडचा तंबोरा

उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि परीक्षांचे निकाल हाती आले, की पुण्यात पाहुण्यांचा राबता सुरू होतो. नाशिकची मावशी, नागपूरची आत्या, मुंबईचे चुलतभाऊ आपापल्या बालगोपाळांसह दाखल होतात आणि यजमानापुढे दरवर्षीचाच प्रश्न उभा राहतो: ह्या मंडळींना, विशेषतः त्यांच्या मुलांना, दाखवावयाचे काय? उत्तरही ठरलेले असते. सकाळी ऊन चढण्यापूर्वी शनिवारवाडा, तेथून लाल महाल, दुपारी केळकर संग्रहालय, सायंकाळी सारसबागेतला गणपती आणि दुसऱ्या दिवशी कात्रजचे प्राणिसंग्रहालय. परत जाताना मोठ्यांच्या पिशवीत बाकरवडी असते आणि मुलांच्या स्मरणात मस्तानी. बाजीरावाची नव्हे, पेल्यातली!

ह्या कार्यक्रमाची चेष्टा करण्याचा आमचा हेतू नाही. कुटुंबाने मिळून चार ठिकाणे पाहावी, मुलांनी प्रश्न विचारावे, आजोबांनी त्यांची खरीखोटी उत्तरे द्यावी, ह्यात आनंद आहे आणि शिक्षणही आहे. १९५६ साली पेशवे उद्यानात सुरू झालेल्या फुलराणीत जी मुले बसली, त्यांनी पुढे आपल्या नातवंडांना तेथे नेले. शहराशी माणसाचे नाते जुळते ते अशाच लहानसहान फेऱ्यांतून. १९७७ पासून १८ मे हा दिवस जगभर संग्रहालय दिन म्हणून पाळला जातो आणि आपल्याकडे तो नेमका सुट्टीच्या ऐन भरात येतो. त्या निमित्ताने एका उणिवेकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढाच आमचा उद्देश आहे. पुण्याला आपण संगीताचे शहर म्हणवितो. हे शहर दोन दिवस पाहून परत जाणाऱ्या मुलाच्या कानावर त्या संगीताचा एक तरी स्वर पडतो काय?

पुण्याचा हा लौकिक पोकळ नाही. १८७४ साली येथे पूना गायन समाज स्थापन झाला, तेव्हा गाणे ही सभ्य गृहस्थाने उघडपणे शिकावी अशी विद्या आहे, हे म्हणावयासही धैर्य लागत असे. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला आणि मराठी माणसाच्या घरात गाणे शिरले ते कायमचे. भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली सुरू केलेला भारत गायन समाज, विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली उभे केलेले गांधर्व महाविद्यालय, खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ह्यांनी येथे चालविलेले आर्य संगीत विद्यालय, अशी ही परंपरा आहे. पुढे १९५३ हे साल तर विशेष भाग्याचे ठरले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला पुणे आकाशवाणी सुरू झाली आणि त्याच वर्षी भीमसेन जोशी ह्यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सवाचा प्रारंभ केला. १९५५ च्या रामनवमीपासून ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके ह्यांचे ‘गीतरामायण’ ह्याच केंद्रावरून आठवड्याला एक गीत ह्या क्रमाने प्रसृत होऊ लागले. ती ५६ गीते ऐकण्यासाठी शेजाऱ्याच्या घरातील रेडिओभोवती माणसे कशी जमत, हे सांगणारे वृद्ध आजही आपल्या आळीत भेटतील.

परंतु ह्या साऱ्या वैभवाचे दार कोणासाठी उघडे आहे, हाही विचार व्हावयास हवा. सवाईचा उत्सव डिसेंबरच्या थंडीत होतो, तोही मोजके दिवस. एरवीच्या मैफली सायंकाळी असतात आणि जाणत्यांसाठी असतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तीन तास एका जागी बसवून विलंबित ख्याल ऐकविणे हा त्या मुलावर आणि गवयावर सारखाच अन्याय होय. म्हणजे कुटुंबे ज्या काळात हिंडावयास बाहेर पडतात, त्या मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत, हे संगीताचे शहर त्यांच्यापुरते बंद असते. मुलासाठी एकच दार उरते, ते म्हणजे संग्रहालय. तेथे त्याला शांतपणे उभे राहता येते, कंटाळा आला तर पुढे सरकता येते, वाटेल तो प्रश्न विचारता येतो आणि गाण्यातले काही कळत नाही म्हणून त्याला कोणी हसत नाही. ह्या दारातून आत गेल्यावर त्याला काय मिळते, हा म्हणूनच क्षुल्लक प्रश्न नव्हे.

गेल्या पंधरवड्यात एका रविवारी आम्ही एका संग्रहालयातील वाद्यांच्या दालनात मुद्दाम तासभर काढला. संग्रहालयाचे नाव येथे देत नाही, कारण जे दिसले ते त्या एकट्या संस्थेचे वैगुण्य नाही. काचेच्या कपाटात एक सुरेख तंबोरा उभा होता. खाली पट्टी होती: तंबोरा, लाकूड, भोपळा, एकोणिसावे शतक. एक आजी आपल्या नातीला घेऊन तेथे आल्या. मुलगी आठ-नऊ वर्षांची असेल. तिने विचारले, “आजी, हे कसं वाजतं?”

“तारा छेडायच्या, बाळा.”

“तसं नाही गं. ऐकायला कसं वाजतं?”

आजींना उत्तर सुचेना. गाण्याचे त्यांना अगदीच अंग नसावे असे नव्हे. पण तंबोऱ्याचा नाद तोंडाने कसा सांगावयाचा? त्यांनी काहीशा संकोचाने एक लांब गुंजारव काढून दाखविला, मुलीला हसू आले, आणि तिने काचेला नाक लावले. तत्क्षणी चौकीदार पुढे झाला. “काचेला हात नको लावूस, बाळ.” दोघी पुढे तलवारींच्या दालनात गेल्या. तलवारीला आवाज नसतो, त्यामुळे तेथे अडचण आली नसावी. दहा मिनिटे त्या तेथे रमल्या.

गर्दी ओसरल्यावर आम्ही त्या चौकीदाराशी बोलत राहिलो. वय पन्नाशीचे, घराणे वारकऱ्याचे, गावच्या दिंडीत पखवाज वाजविणारा हा गृहस्थ. कपाटातल्या पखवाजाकडे बोट दाखवून तो म्हणाला, “साहेब, ह्याच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावावी लागते. त्याशिवाय तो बोलत नाही. इथला कोरडा आहे.” कणीक किती लावावी, ती वाळू लागली की आवाज कसा बदलतो, वाजविणे आटोपल्यावर ती खरवडून का काढावी, हे त्याने पाच मिनिटांत इतके चोख समजावून दिले की, शिक्षकी पेशात काही वर्षे काढलेल्या आम्हांस त्याचा हेवा वाटला. मग त्या मुलीला हे का सांगितले नाही, असे विचारता तो म्हणाला, “आमचं काम हात लावू न देण्याचं. सांगायचं नाही.”

ह्या उत्तरात आपल्या संग्रहालयांची सारी विचारसरणी आली आहे.

चौकीदाराला दोष देणे सोपे आहे, पण हात लावू न देण्यात चूक काही नाही. जुने वाद्य ही नाजूक वस्तू असते. तारा ताणलेल्या ठेवल्या तर वर्षानुवर्षांच्या ओढीने दांडी वाकते, तबली खचते. म्हणून जाणते संग्राहक त्या सैल करून ठेवतात. भोपळा वाळून ठिसूळ होतो. हाताच्या घामाने धातू गंजतो आणि जुने रोगण उडते. दीडशे वर्षांपूर्वीचा तंबोरा रोज शंभर मुलांनी छेडला तर वर्षभरात त्याचे सरपण होईल. तेव्हा ते वाद्य मुके राहणार, हे आम्हांस मान्य आहे. परंतु एक वाद्य मुके आहे म्हणून सारे दालनच मुके असले पाहिजे, हा न्याय कोणता? अडकित्ता पाहून कळतो, समई पाहून कळते, पैठणी तर पाहण्यासाठीच असते. वाद्य मात्र केवळ पाहून कळत नाही. ते काचेत ठेवून खाली पट्टी लावणे म्हणजे पक्वान्नाचे ताट दाखवून पाहुण्यास हात धुण्यास सांगण्यासारखे आहे.

तंबोऱ्याचेच उदाहरण पुढे चालवू. चार तारा: एक पंचमाची, दोन जोडीच्या, एक खर्जाची. रागावकाशाने पहिल्या तारेचा स्वर बदलतो, हा भाग निराळा. इतक्या साध्या सरंजामातून मैफलीचे आभाळ कसे उभे राहते? घोडीवर तार जेथे टेकते तेथे तिच्याखाली सुताचा एक बारीक धागा सरकवितात. तो केसभर पुढे-मागे केला की एका विशिष्ट जागी तार एकाएकी उमलते आणि तिच्यातून झणकार पसरू लागतो. ह्यालाच जवारी उघडणे म्हणतात. चारही तारा नीट जुळल्या आणि जवारी चोख लागली की, कोणत्याही तारेत न लावलेला गांधार आपोआप ऐकू येऊ लागतो. ह्यात चमत्कार नाही; खर्जाच्या तारेच्या मूळ कंपनात त्याच्या पाचपट कंपनाचा जो अंश मिसळलेला असतो, तो जवारीमुळे ठळक होतो, एवढेच. पण ज्याने लहानपणी एकदा तो स्वयंभू गांधार कानाने पकडला, त्याला विज्ञानाच्या तासाला ध्वनीचे प्रकरण वेगळे घोकावे लागणार नाही आणि गाण्याची बैठकही परकी वाटणार नाही. ह्याला वेळ किती लागतो? दहा मिनिटे. साधन काय लागते? एक चालू स्थितीतला तंबोरा आणि तो जुळविणारा एक विद्यार्थी.

आणि ह्या तंबोऱ्यासाठी फार दूर जावयास नको. पुण्याच्या गवयांच्या मांडीवर जे तंबोरे आले, ते बव्हंशी मिरजेहून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, संस्थानिकांच्या शस्त्रांना गिऱ्हाईक उरले नाही तेव्हा, तेथील शिकलगारांपैकी फरीदसाहेब आदी कारागिरांनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने हत्यारांचा धंदा सोडून तंतुवाद्यांचा धरला, असे तेथील इतिहास सांगतो. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे मोठे भोपळे आणावयाचे, ते वाळवावयाचे, तुणीच्या लाकडाची दांडी जोडावयाची, नक्षी कोरावयाची आणि शेवटी जवारी लावावयाची, ही विद्या तेथे पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून मुलाकडे आली आहे. मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु मानांकनाने पोट भरत नाही. १९७९ साली बंगळूरात विजेवर चालणारा तंबोरा तयार झाला. आता तर तो मोबाइलमध्ये शिरला आहे. शिकाऊ गवयाची त्याने सोय झाली हे नाकारण्यात अर्थ नाही, पण भोपळ्याच्या तंबोऱ्याला लागणारे गिऱ्हाईक त्याने कमी केले, हेही तितकेच खरे. उद्याचे गिऱ्हाईक कोण? आज जे मूल काचेला नाक लावून उभे आहे, तेच. त्याने तो नाद ऐकलाच नाही, तर मोठेपणी पदरमोड करून तो तंबोरा कशासाठी विकत घेईल? आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?

आपल्याकडील लोकांना संग्रहालयाची हौस नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. केळकर संग्रहालय हेच त्याला उत्तर आहे. ‘अज्ञातवासी’ ह्या नावाने कविता लिहिणारे, चष्म्याच्या व्यवसायातले एक मध्यमवर्गीय गृहस्थ, १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमवू लागतात. पत्नी कमलाबाई त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहतात. गावोगाव हिंडून, प्रसंगी घरातले किडूकमिडूक मोडून वीस हजारांहून अधिक वस्तू गोळा होतात. दिवे, अडकित्ते, दरवाजे, आत घुंगरू घातलेल्या वज्री, कोथरूडहून आणलेले मस्तानी महालाचे अवशेष, आणि नाना घाटांची वाद्ये. जागेअभावी त्यांतल्या सुमारे अडीच हजारच एका वेळी मांडता येतात. ह्या संग्रहाला दिनकररावांनी नाव दिले ते बालवयात गेलेल्या आपल्या राजा ह्या मुलाचे. एका मुलाच्या आठवणीसाठी उभे राहिलेले असे संग्रहालय ज्या शहरात आहे, त्या शहराने मुलांच्या कानांचाही विचार करावा, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही. महापालिकेने सहकारनगरात भीमसेन जोशी ह्यांच्या नावे कलादालन उभारले आहे, हेही ह्याच वाटेवरचे पाऊल होय. जागा आहे, वस्तू आहेत, माणसेही आहेत.

परदेशात ह्या प्रश्नाचा विचार कसा झाला, हे थोडे पाहावे. ब्रुसेल्स येथील वाद्यसंग्रहालयाची हकीगत तर आपणांस विशेष चटका लावणारी आहे. कलकत्त्याचे राजा सौरींद्रमोहन टागोर ह्यांनी १८७६ साली बेल्जमच्या राजास सुमारे शंभर भारतीय वाद्ये भेट पाठविली आणि पुढच्याच वर्षी स्थापन झालेल्या त्या संग्रहालयाच्या मूळ संचात ती समाविष्ट झाली. २००० सालापासून हे संग्रहालय एका जुन्या दुकानाच्या देखण्या इमारतीत आहे आणि कानाला यंत्र लावून हिंडणाऱ्या प्रेक्षकास तेथे वाद्ये पाहता-पाहता ऐकूही येतात. व्हिएन्नात त्याच वर्षी ‘संगीतगृह’ उघडले. तेथे मुलाच्या हाती काठी देतात आणि समोरच्या पडद्यावरचा वाद्यवृंद त्याच्या हाताच्या चालीने वाजू लागतो. लय बिघडली तर वादक हात थांबवून त्यालाच चार शब्द सुनावतात. बीथोव्हेनच्या गावातले वादक आपल्याला रागावले, हे ते मूल जन्मभर विसरणार नाही. आणि परदेशाचे राहो. बंगळूरातच २०१९ साली भारतीय संगीताला वाहिलेले मोठे संग्रहालय उभे राहिले असून, त्याच्या अंगणात मुलांनी मनसोक्त वाजवावीत अशी वाद्ये मांडली आहेत. विजेचा तंबोरा ज्या शहराने दिला, त्याच शहराने मुलांच्या हाती वाद्ये द्यावी, आणि आपण मात्र काच पुसत बसावे, हे आम्हांस रुचत नाही.

अर्थात व्हिएन्नाची नक्कल पुण्याने करावी, असे आमचे म्हणणे नव्हे. तितका पैसा नाही, आणि पडदे व यंत्रे आणली तरी ती दुसऱ्या पावसाळ्यात ‘दुरुस्तीसाठी बंद’ ही पाटी गळ्यात बांधून उभी राहतील, ह्याविषयी आमच्या मनात फारशी शंका नाही. आपल्या संगीताचा स्वभावही निराळा. ते समोरासमोर बसून दिले-घेतले जाते. त्यामुळे आपला उपाय यंत्राहून स्वस्त आणि यंत्राहून सरस आहे. गांधर्व महाविद्यालय, भारत गायन समाज, विद्यापीठाचे ललित कला केंद्र येथे शिकणारी कितीतरी मुलेमुली गावात आहेत. दर रविवारी ठरलेल्या वेळी त्यांपैकी दोघांनी संग्रहालयात सतरंजीवर बसावे, एकाने तंबोरा जुळवून दाखवावा, दुसऱ्याने सारंगी, पखवाज किंवा पेटी उघडून दाखवावी, मुलांना हात लावू द्यावा. वाद्य नवे असावे, तुटले तर दुरुस्त करता येईल असे असावे. वर्षातून एकदोनदा मिरजेचा कारागीर बोलवावा आणि त्याने जवारी काढताना लोकांनी पाहावे.

हे त्यांनी ‘कलेची सेवा’ म्हणून फुकट करावे, अशी सूचना लगोलग पुढे येईल, म्हणून आधीच सांगून ठेवतो: फुकट नको. इमारतीच्या रंगाचे बिल निघते, उद्घाटनाच्या हारतुऱ्यांचे निघते, मांडववाल्याचे तर आगाऊ निघते. केवळ गाणाऱ्या-वाजविणाऱ्याच्या पदरी सेवा आणि नारळ का? दोन तासांचे माफक मानधन ही महापालिकेच्या अंदाजपत्रकात दिसणारही नाही इतकी लहान रक्कम आहे.

दुसरा आक्षेप असा की, मोबाइलवर सारे काही ऐकावयास मिळत असताना हा खटाटोप हवा कशाला? मोबाइलवर पुष्कळ मिळते, हे खरे आहे, आणि अनेक दुर्मीळ ध्वनिमुद्रणे आज त्यामुळेच घरोघर पोहोचली आहेत. परंतु बोटभर आकाराच्या कर्ण्यातून खर्ज निघत नाही, हा साधा पदार्थविज्ञानाचा भाग आहे. शिवाय सुताचा धागा सरकविणारे बोट त्यात दिसत नाही, आणि काय शोधावे हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्यापुढे ते यंत्र आपण होऊन तंबोरा आणून ठेवीत नाही.

तिसरा आक्षेप आम्ही स्वतःच घेऊन पाहिला. आजच्या मुलांना वाद्यांची आवडच नाही, असे असेल काय? ह्याचे उत्तर दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये नदीकाठी मिळते. गणेशोत्सवाआधी तेथे ढोल-ताशांच्या पथकांचा सराव चालतो, शेकडो तरुण मुलेमुली कचेरी-कॉलेज सांभाळून रोज सायंकाळी येतात, खांदे भरून येईपर्यंत वाजवितात. त्या दणदणाटाबद्दल तक्रारीची पत्रे आमच्याकडे गठ्ठ्याने येतात, आणि त्यांतील पुष्कळशा तक्रारी रास्तही असतात. पण त्या तक्रारींपलीकडे एक गोष्ट दिसते. ह्या पिढीने जे वाद्य मनापासून उचलले, ते तिच्या हाती प्रत्यक्ष दिले गेले होते. ढोल कोणी काचेत ठेवला नव्हता. कमरेला बांधून दिला, टिपरू हातात दिले आणि ‘वाजव’ म्हटले. सतार, सारंगी, पखवाज ह्यांच्या बाबतीत आपण तेवढेही केलेले नाही.

आणखी एक गोष्ट अधिक निकडीची आहे. १९५० नंतर पुण्यातील रसिकांनी घरगुती मैफली मोठ्या चकतीच्या ध्वनिफितींवर मुद्रित करून ठेवल्या. पेठांतल्या माळ्यांवर आणि डेक्कनवरच्या कपाटांत अशा फिती अजून पडून आहेत. त्यांवरील चुंबकी लेप वर्षागणिक सुटत चालला आहे, दर पावसाळ्यात बुरशी धरते, त्या वाजविणारी यंत्रे मोडकळीस आली आणि ती दुरुस्त करणारे हातही थोडे उरले. ज्यांनी त्या मैफली प्रत्यक्ष ऐकल्या आणि कोण गात आहे, साथीला कोण आहे, हे आवाजावरून सांगू शकतात, ती माणसे ऐंशीच्या पुढे गेली आहेत. वाडा पडून तेथे नवी इमारत होते, तेव्हा रद्दीवाल्याच्या टोपलीत काय काय जाते, ह्याची मोजदाद कोणी ठेवीत नाही. चित्रपटांसाठी १९६४ सालापासून ह्याच शहरात राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्यामुळे कितीतरी चित्रपट नष्ट होण्यापासून वाचले. घरगुती ध्वनिफितींना तसाच सार्वजनिक आसरा मिळावयास हवा, आणि तोही पुढच्या दोन-चार पावसाळ्यांत. संग्रहालयातल्या सारंगीजवळ उभ्या असलेल्या मुलाला पुण्यातल्याच एखाद्या वाड्यात त्या काळी वाजलेली सारंगी ऐकविता आली, तर त्याला ह्या गावाची ओळख झाली असे म्हणता येईल.

वास्तूंविषयी आपण फार हळवे आहोत. बालगंधर्व रंगमंदिराचेच पाहा. १९६२ साली खुद्द नारायणराव राजहंसांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. १९६८ साली ते उघडले, तेव्हा ते हयात नव्हते. २०१८ च्या सुमारास त्याच्या पुनर्बांधणीचा प्रस्ताव पुढे आला आणि तेव्हापासून ती वास्तू ठेवावी की पाडावी, ह्यावर शहरात रणे माजली. ह्या दैनिकानेही त्यासाठी पुष्कळ शाई खर्च केली, हे कबूल केले पाहिजे. तो वाद व्यर्थ होता असे आम्ही म्हणणार नाही. पण बालगंधर्वांचे गाणे म्हणजे काय, हे तेथून रोज जाणाऱ्या शाळकरी मुलाला कोणी, कोठे ऐकवावे, ह्यावर त्या काळात एकही पत्र आमच्याकडे आल्याचे स्मरत नाही. आणि आम्हीही त्यावर अग्रलेख लिहिला नाही.

शाळा १५ जूनच्या सुमारास उघडतात. तोवर चार रविवार हाती आहेत, आणि पाहुणेही अजून घरात आहेत. समिती नेमावयास एवढा अवधी पुरणार नाही, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. संग्रहालयांच्या चालकांनी एक सतरंजी अंथरावी, शहरातील संगीतशाळांनी आपला एक तंबोरा आणि दोन विद्यार्थी द्यावे, महापालिकेने त्यांचे मानधन द्यावे. आणि त्या चौकीदारास कोणीतरी रविवारपुरता एक चालू पखवाज, मूठभर कणीक आणि बोलण्याची परवानगी द्यावी.